सातवीच्या पोरांना जगातल्या संस्कृती शिकवायच्यात? आयर्विन पुलापासून सुरू करा

प्राचीन संस्कृती म्हटलं की आपण फळ्यावर इजिप्त, मेसोपोटेमिया, चीन लिहितो, पुढं नदीचं नाव, खाली सन, पोरं उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की सगळं पुसून जातं. मी सांगलीत शिकवते, आणि माझं मत आता पक्कं झालंय की सुरुवात आपल्याच नदीपासून, म्हणजे कृष्णेपासून करायची.

आदल्या दिवशी पोरांना एकच काम द्या, २०१९ च्या पुरात पाणी आपल्या घरी किंवा गल्लीत कुठपर्यंत आलं होतं ते घरच्यांना विचारून या म्हणावं. माझ्या वर्गातली एक पोरगी दोरीच घेऊन आली, आजीनं भिंतीला लावून मोजून दिलेली, ती तिच्या स्वतःच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त भरली. मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं जायचं (उन्हाळ्यातच जा, आणि दोन-तीन पालक सोबत घ्याच). ४५ फूट म्हणजे धोका पातळी, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलेलं, हे तिथं उभं राहून सांगितलं की पोरं आपोआप मान वर करून बघतात.

आता नाईल काढायची. कैरोत रोडा बेटावर एक खोल विहीर आहे, मधोमध दगडी खांब आणि त्यावर हाताच्या मापाच्या खुणा. पाणी साधारण १६ हात चढलं तर पीक चांगलं, कमी पडलं तर दुष्काळ, फार वर गेलं तर गावं पाण्यात, आणि शेतसाराही त्यावरच ठरायचा. हा खांब इ.स. ८६१ चा, म्हणजे फॅरोंच्या नंतरचा, हे स्पष्ट सांगा, पण पूर मोजायची रीत तिथं त्याच्याही कितीतरी आधीची. मग विचारा, आपण पुराला भितो, ती माणसं वाट का बघायची? गप्प बसा, उत्तर तुम्ही देऊ नका. नदीकाठचं मळीचं रान असलेल्या घरातलं एखादं पोर गाळ म्हणतंच. आस्वानचं मोठं धरण १९७० ला पूर्ण झालं आणि तो गाळ शेतात यायचा थांबला, हे सांगितलं की कोयनेचा विषय पोरंच काढतात.

दुसरा तास मातीचा. कुंभाराकडून मळलेली माती आणा, प्रत्येकाला तळहातात मावेल एवढी वडी आणि तिरकी कापलेली बोरूची काडी द्या. निम्मे शेतकरी, निम्मे अडते. हळदीच्या पोत्यांचा हिशोब वडीवर ठेवायचा, पण अक्षरं आणि आकडे वापरायचे नाहीत. दहा मिनिटांत भांडण लागतं, ही खूण पोत्याची का पैशाची, कुणी किती दिली. लागू द्या, तेच तर पाहिजे. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या वड्या गटागटांत बदलून वाचायला लावा आणि मगच सांगा की इराकातल्या उरुकमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीच्या सगळ्यात जुन्या पाट्यांवर जास्त करून हिशोबच आहेत, धान्याचे, मेंढरांचे, बिअर वाटपाचे. लिहायची गरज का पडली हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

सहल काढणार असाल तर कोल्हापूरचं टाउन हॉल म्युझियम चुकवू नका. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथं आहे. समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी कसा आला, एवढ्या एका प्रश्नावर सातवाहन, रोमचा व्यापार, बंदरं, घाटवाटा सगळं शिकवून होतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, सगळ्याच संस्कृतींबद्दल "होऊन गेल्या" असं बोलू नका. माया लोकांची शहरं ओस पडली पण माया माणसं आजही ग्वाटेमालात, मेक्सिकोत राहतात, त्यांच्या भाषा बोलतात. ममीचं चित्र बघून पोरं हसली तर रागावू नका, आपल्या घरात माणूस गेल्यावर काय काय करतात ते विचारा. वर्ग शांत होतो, आणि मग ममीबद्दल जे प्रश्न येतात ते ऐकण्यासारखे असतात.