माळावरची झुडपे काढताय? या चुका टाळा

कोरड्या माळरानावर झुडपे माजली की गवत हटते. मग उपाय ठरलेला असतो: झुडपे काढा, गवत येईल, ओढ्याला पाणीही वाढेल. गवताचे बरेचदा खरे ठरते. पाण्याच्या आशेपायी मात्र घाई होते आणि माती हातची जाते.

पाणी वाढेल हे गृहीत धरणे. वर्षाला साधारण ४५० ते ५०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर हा हिशेब सहसा जुळत नाही. झुडपाने प्यायचे ते पाणी ऊन-वारा उडवून नेतात, नाहीतर नवे गवत पिते. पाऊस बरा, माती उथळ आणि खाली भेगाळ खडक असेल तर पाझर वाढू शकतो. टेक्सासमधल्या एडवर्ड्स पठारावर असा चुनखडीचा खडक आहे, पण तिथेही फायदा जागेगणिक बदलतो.

सगळे सपाट करणे. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. झुडपाखाली पालापाचोळा कुजून माती भुसभुशीत झालेली असते, पाणी चटकन मुरते. खरे दुखणे असते दोन झुडपांमधल्या उघड्या जमिनीत. थेंबांच्या माराने तिथे पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी पळते, सोबत माती नेते. यंत्राने सगळेच उपटले की चांगली मातीही उघडी पडते आणि पहिल्या जोरदार सरीत ओघळ पडतात. म्हणून तीव्र उतार आणि ओघळांचे काठ यांना हात लावू नका. बाकीचे काम पट्ट्यापट्ट्याने, एका पट्ट्यात गवत धरले की मगच पुढचा.

काटक्यांचे ढीग जाळणे. ढिगाखालची माती भाजते, तिच्यातले बी मरते, कधीकधी ती पाणीच धरेनाशी होते. हाच काटक्यांचा माल उघड्या जमिनीवर उताराला आडवा पसरा. पाण्याचा वेग मोडतो, गाळ अडतो, गवताच्या रोपाला सावली मिळते. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या स्टीन्स पर्वतावर माजलेली जुनिपर नावाची सदाहरित झाडे तोडून जागेवरच ठेवली होती. १० वर्षांनी तिथे गवत चांगले दाटले होते आणि न तोडलेल्या भागाच्या मानाने धूप फारच कमी होती. एवढा धीर धरायची तयारी हवी.

वरून छाटून थांबणे. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर एका खोडाची चार होतात, कारण फुटव्यांचे डोळे मातीखालीही असतात. लहान झाड त्या डोळ्यांच्या खालून मुळासकट खणून काढा.

हिरवे दिसताच जनावरे सोडणे. नव्या गवताला मुळे धरून बी टाकायला किमान एक हंगाम लागतो, कोरड्या वर्षांत दोन.

एवढे करूनही गवत येत नसेल, तर आधी तिथे गवताचे जुने ठोंब होते का ते आठवा. नसतील तर बी पेरावेच लागेल, तेही पापुद्रा फोडून. गवताऐवजी परके तण आले तर लवकर काढा. अमेरिकेच्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात चीटग्रास हे परके गवत असेच पसरते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळते आणि वणव्याला वाट करून देते. सखल जागी पांढरे क्षार दिसू लागले, तर खोल मुळांची झाडे गेल्याने भूजल वर आले असण्याची शक्यता आहे. तिथे तोडणी थांबवा.

काम सुरू करण्याआधी बिनबुडाचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात मापून पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. एकदा झुडपाखाली, एकदा उघड्या जागी. दरवर्षी त्याच ठिकाणी, पाऊस लागण्याआधी, हीच मोजणी करा. उघड्या जागी वेळ कमी होत नसेल तर पुढचा पट्टा तोडू नका.