दुखणं घेऊन येणारा मित्र आणि रविवारचं निसर्गचित्रण : या चुका टाळा

कोल्हापुरात चित्र काढणारे गट बाहेर पडतात ते ठरलेल्या जागी : रंकाळा, पंचगंगेचा घाट, टाउन हॉलची बाग, कधीमधी पन्हाळा. दहा-बारा जणांच्या गटात एखाद्याला संधिवात असतो, एखादीला फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), कुणाला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), कुणाच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं असतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. ती पुढच्या रविवारीही असणार आहे, हे धरूनच आखणी करावी लागते.

मित्रांच्या चुका मायेपोटीच होतात, आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आजार बरा करायच्या नादात खुर्ची आणायची राहून जाते. औषध आपल्या हातात नाही. वेळ, जागा, बसायची उंची, बोर्डाचं वजन, मेसेजमधले शब्द मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

सकाळी साडेसहाला जमायचं ठरवणं

कोवळा उजेड मिळतो म्हणून हीच वेळ पक्की केली जाते. पण ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात आणि बोटं सैल व्हायला तास-दीड तास सहज जातो. साडेसहाला रंकाळ्यावर पोचायचं तर त्या माणसाला साडेचारला उठावं लागतं. झोप मोडली की दुखणं वाढतं, आणि चित्राला हात लावायच्या आधीच दिवस निम्मा खर्च झालेला असतो.

महिन्यातले निदान दोन रविवार दुपारी साडेचार ते सहा ठेवा. रंकाळा चौपाटीवर मावळतीचा उजेड समोरून पाण्यावर येतो, चित्राला तो सकाळपेक्षा कमी नाही. ल्युपसच्या माणसाला ऊन नुसतं सोसत नाही असं नाही, उन्हाने आजारच उसळू शकतो. म्हणून दहा ते चार बाहेर बसणं नको, आणि एरवीही सावली, लांब बाह्या, टोपी हवीच. पाण्यावरून परतणारा उजेडही चेहऱ्यावर येतो, त्यामुळे छत्री डोक्यावर असली तरी पाण्याकडे तोंड करून तासभर बसवू नका.

वार ठरवताना एकच प्रश्न विचारा : “आठवड्यातला कुठला दिवस नको?” कारण विचारू नका. संधिवातात बऱ्याच जणांना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा येऊ शकतो. शनिवारी रात्री गोळी घेणाऱ्याला रविवार सकाळ म्हणजे शिक्षाच.

इथेच एक धोक्याची चूक होते. काळजीपोटी कुणी तरी मित्राच्या फोनवर औषधाची रोजची आठवण लावून देतं. आठवड्याची मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. औषधाची आठवण लावायचीच असेल तर ती त्या माणसाने स्वतः, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून लावावी.

“चित्र संपवूनच उठू”

सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. बरं वाटतंय म्हणून माणूस दोन तास बसतो, मित्र “वा, आज जमलं की!” म्हणतात, आणि पुढचे तीन दिवस तो अंथरुणात असतो. गटाला ते तीन दिवस दिसत नाहीत. मग पुढच्या वेळी बरं वाटेल तेव्हा तो पुन्हा दुप्पट करतो, आणि हे असंच चालू राहतं.

उपाय घड्याळाचा आहे. वेगवेगळ्या तीन दिवशी, त्यातला एक वाईट दिवस असला पाहिजे, किती मिनिटांनी दुखणं वाढायला लागतं ते लिहून ठेवायचं. समजा २०, ३० आणि २५ मिनिटं आली. सरासरी २५. सुरुवात त्याच्या पाऊण भागाने करायची, म्हणजे साधारण १८ मिनिटं. गजर झाला की ब्रश पाण्यात, दुखत नसलं तरी. दहा मिनिटं पाठ टेकून बसायचं, खांदे फिरवायचे, मग पुढची १८ मिनिटं. दोन आठवडे त्रास न होता जमलं तर दोन मिनिटं वाढवायची.

गजर एकट्या त्या माणसाच्या फोनवर लावू नका. एकट्यानेच उठायचं म्हटलं की त्याला उठवत नाही, तो “हे आभाळ तेवढं करतो” म्हणून बसून राहतो. गजर सगळ्या गटाला लागू करा, दहा मिनिटं सगळ्यांनीच ब्रश खाली ठेवायचे. जलरंगात वॉश (पातळ रंगाचा थर) वाळेपर्यंत थांबावंच लागतं, त्यामुळे चित्राचंही भलंच होतं. ओल्यावर ओलं लावून आभाळ आणि पाणी पहिल्या फेरीत, वाळल्यावर झाडं आणि दगड दुसऱ्या फेरीत, अशी चित्राची विभागणी केली की विश्रांती कामातच बसते.

मिनिटं वाढवण्याचा हा हिशेब क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या (न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या) माणसाला लावू नका. त्या आजारात श्रमाचा फटका कधी कधी एक-दोन दिवसांनी बसतो, आणि “रोज थोडं थोडं वाढव” हा सल्ला उलटू शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेणारा उपचार या आजारात देऊ नये असंच सांगितलं आहे. तिथे माणूस म्हणेल ती वेळ शेवटची.

सामान सगळ्यांना एकच

साहित्याची यादी गटाला एकच दिली जाते, आणि दुखरे हात तिथेच हरतात. बारा मिलिमीटर प्लायचा १५ बाय २२ इंची बोर्ड दीड किलोच्या आसपास भरतो. पाच मिलिमीटर सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) त्याच्या निम्म्याहून हलका पडतो. कागदही ११ बाय १५ इंचांचाच, ३०० जीएसएम घ्या. जाड असल्याने तो ताणून चिकटवायची खटपट फारशी लागत नाही, चार बाजूंनी मास्किंग टेप पुरते. पाणी प्रत्येकाने वाहू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, ते ज्याचे खांदे धड आहेत त्याने सगळ्यांसाठी आणावं.

ब्रशची बारीक दांडी हा खरा शत्रू. बारीक वस्तू धरायला बोटं जास्त आवळावी लागतात आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ उठते. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी फ्रिज-एसी दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळते. पाव इंची पाइपची आणि तीन-अष्टमांश इंची पाइपची अशी दोन्ही मापं थोडी थोडी घ्या. बारीक ब्रशला पहिली, बारा नंबरच्या गोल ब्रशला दुसरी. दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा कापा, दांडीच्या मागच्या टोकाकडून आत सरकवा आणि केसांच्या धातूच्या पट्टीपासून दोन बोटं अलीकडे थांबवा. अगदी पट्टीपर्यंत नेला तर फोमच्या आत पाणी शिरतं आणि कागदावर नेमका नको तिथे थेंब पडतो. नळी सैल बसली तर आधी दांडीवर कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. धुताना फोम काढून वेगळा वाळवा, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरते.

ट्यूबची झाकणं दाताने किंवा पकडीने उघडायची वेळ येऊ नये. रंग आदल्या दिवशी घरीच पॅलेटमध्ये काढून वाळू द्या. जून ते सप्टेंबर मात्र कोल्हापूरच्या दमट हवेत तो एका रात्रीत वाळत नाही, दोन-तीन दिवस आधी काढा आणि पॅलेट पूर्ण मिटू नका. अडकलेलं झाकण मिनिटभर गरम पाण्यात धरलं की सुटतं. दाबायच्या स्प्रे बाटलीऐवजी ड्रॉपर वापरा. तैलरंगवाल्यांनी टर्पेंटाइनची बाटली लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावी. मायग्रेन किंवा दमा असलेल्याला तो वास पुरेसा होतो.

घाटावर पायरीवरच बसवणं

पंचगंगेच्या घाटावर दगडी पायऱ्या, कमानी, समाध्या, चित्राला सगळं आहे, फक्त गुडघ्याला काही नाही. पायरीवर बसलं की गुडघे छातीशी येतात आणि उठताना सगळा भार त्यांच्यावर पडतो. तीन पायांचं घडीचं स्टूल बुटकं असतं आणि त्याला पाठ नसते, ते तर जास्तच वाईट. बसायची उंची साधारण ४५ सेंटिमीटर, पाठ आणि हात असलेली साधी प्लास्टिकची खुर्ची बेस्ट. मंडपवाल्याकडून दोन-चार भाड्याने मिळतात. खुर्ची घाटावर वरच्या सपाट जागेत ठेवा, पायऱ्यांच्या कडेला नको. बोर्ड अशा उंचीवर हवा की कोपर काटकोनात राहील आणि खुर्चीच्या हातावर टेकेल. मनगटाने रेघ मारण्याऐवजी कोपरातून हात फिरवला की दुखरं मनगट वाचतं, आणि वॉशही मोकळा येतो.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या मित्राला तापलेल्या दगडावर अनवाणी जाऊ देऊ नका. भाजलेलं त्याला कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो.

जागा निवडण्याआधी एकाने जाऊन तीन गोष्टी बघून याव्यात : गाडी किती जवळ येते, स्वच्छतागृह उघडं आणि वापरण्याजोगं आहे का, आणि मधेच निघायचं झालं तर वाट मोकळी आहे का. अंबाबाईच्या देवळाजवळचा भवानी मंडप शुक्रवारी आणि नवरात्रात गर्दीमुळे या तिसऱ्या कसोटीला उतरत नाही. टाउन हॉलची बाग सपाट आहे, झाडांची सावली आहे आणि सीपीआर रुग्णालय समोरच आहे. दर वेळी नवी जागा हवी हा हट्टही सोडा. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. रंकाळ्यातल्या एका संध्यामठाची रूपं पाणी चढतं-उतरतं तशी वर्षभर बदलतात.

बोलण्यातल्या चुका

“दिसतोस तर ठणठणीत.” असं म्हटलं की त्या माणसाला स्वतःचं दुखणं सिद्ध करत बसावं लागतं. बरेचसे जुनाट आजार बाहेरून दिसत नाहीत.

“आमच्या गावाकडं एक जण पुड्या देतो, आठ दिवसांत फरक.” नाव-लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. फरक पडतो तो त्याचा, आणि पुढे त्रास वाढतो तोही त्याचाच. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करणंही तितकंच धोक्याचं. तसंच स्वतःच्या खिशातली पेनकिलर देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या अशक्त किडनीला आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्याला बाधतात, आणि समोरच्याचं काय चालू आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

भेटल्या भेटल्या पहिला प्रश्न तब्येतीचा नको. तो माणूस आठवडाभर पेशंट असतो, इथे त्याला चित्रकार म्हणून यायचं असतं. “त्या दिवशीचं आभाळ पूर्ण केलंस काय?” असं विचारा, तब्येतीचं सांगायचं असलं तर तो आपसूक सांगेल.

हातातली पिशवी न विचारता ओढून घेऊ नका, दंड धरून उठवू नका. दुखरा सांधा नेमका कुठला ते तुम्हाला माहीत नसतं. हात पुढे करा, तो धरेल.

“येणार का नाही, ते नक्की सांग”

ज्याला सकाळी उठेपर्यंत दिवस कसा आहे ते कळत नाही, त्याला आदल्या रात्री पक्कं उत्तर मागितलं की तो हळूहळू “नाही”च म्हणायला लागतो. तीन शब्द ठरवून टाका : “येतो”, “बसायला येतो”, “घरून”. (आपल्याकडे बायकाही “येतो”च म्हणतात, त्यामुळे शब्द सगळ्यांना सारखाच.) “बसायला येतो” म्हणजे चित्र काढणार नाही, चहा पिऊन जाईन. “घरून” म्हणजे गटाने जागेचा एक फोटो पाठवायचा, आणि तो जमेल तेव्हा काढेल. कळवायची वेळ निघण्याआधी अर्ध्या तासापर्यंत खुली ठेवा.

न येण्याच्या मेसेजला “अरे रे, परत काय झालं?” असं उत्तर गेलं की पुढच्या वेळी मेसेजच येत नाही. “बरं. खुर्ची तुझीच. फोटो धाडतो, उत्तर द्यायची घाई नाही” एवढं पुरे. बारा जणांचे बारा फोन नकोत. बोटं दुखत असलेल्याला टाइप करायला लावू नका, व्हॉइस मेसेज चालतो असं आधीच सांगून ठेवा. आणि त्याचं निदान, रिपोर्ट, दवाखान्यातला फोटो त्याला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

सर्दी-ताप असलेल्याने मात्र त्या रविवारी यायचंच नाही, इथे भीड नको. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला तुमची साधी सर्दी महाग पडते. त्याला स्वतःला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं. पाठदुखीच्या माणसाला लघवीवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं यांपैकी काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा. छातीत कळ आली तर १०८. बोलण्यात “आता कंटाळा आला जगायचा” असं येऊ लागलं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येतं.

सगळा भार एकावरच

न्यायचं, आणायचं, दवाखान्यात बसायचं, सगळं गटातली एकच मायाळू व्यक्ती करते. सहा महिन्यांत ती थकते, मग फोन उचलायचा टाळते, आणि दोन मैत्र्या एकदम तुटतात. कामं वाटून घ्या : गाडी एकाकडे, खुर्च्या-पाणी दुसऱ्याकडे, फोटो-मेसेज तिसऱ्याकडे, आणि दर महिन्याला पाळी बदला. आजारी माणसालाही एक काम ठेवा, जे झोपूनही करता येईल. पुढच्या महिन्याच्या जागा ठरवणं किंवा आलेली चित्रं बघून दोन वाक्यांचं मत देणं. नुसतं घेत राहणं कुणालाच सोसत नाही.

परत आल्यावर सत्कार

तीन-चार महिन्यांनी कुणी परतलं की नारळ, फोटो, भाषण होतं. त्या गडबडीतच त्याची पहिली १८ मिनिटं खर्च होतात. नेहमीच्या जागी नेहमीची खुर्ची मांडा आणि पोस्टकार्डाएवढा कागद द्या. इतक्या दिवसांत त्याच्या ट्यूबमधला जलरंग दगड झालेला असू शकतो. ब्लेडने ट्यूब उभी चिरून तो खडा पॅलेटच्या खणात ठेवा, वर दोन थेंब पाणी सोडा, दहा मिनिटांत रंग ब्रशला लागतो. हे काम शेजारी बसलेल्याने करावं, ब्लेड धरायला पकड लागते.