मागचे पॅड बदलल्यावर ढिला पडलेला हँडब्रेक

मागच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलल्यावर पायाचा ब्रेक उत्तम लागत होता, परंतु हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी सोसायटीच्या तळघरातील उतारावर गाडी हळूहळू घसरत असे. अशा वेळी बहुतेक जण थेट केबल ताणतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे. आमच्या गाडीत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमधील (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातील) पायाच्या ब्रेकच्याच पिस्टनवर काम करतो आणि नवे, जाड पॅड बसवताना तो पिस्टन फिरवत आत घालावा लागतो, त्यामुळे पॅड व डिस्क यांमधील जादा अंतर भरून काढण्याचे काम आतील स्वयंचलित यंत्रणेवर येते. त्यासाठी हँडब्रेक सोडून, इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक पुन्हा पुन्हा सावकाश दाबला. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग पुढच्या चाकांना दगड लावले आणि मागची बाजू उचलून स्टँडवर टेकवली. डाव्या कॅलिपरचा लीव्हर (हँडब्रेकची केबल ओढते तो दांडा) पूर्ण मागे येऊन थांब्याला टेकलेला होता. उजव्याचा मात्र गंज आणि चिखलाच्या खपल्यांमुळे अर्धवट अडकला होता, आणि लीव्हर पूर्ण मागे येत नसेल तर आतील यंत्रणा अंतर भरून काढत नाही. तारेच्या ब्रशने तो घासला, गंज सोडवणारे तेल सांध्यापुरतेच लावले (पॅड आणि डिस्क कापडाने झाकूनच), तेव्हा तो मोकळा झाला. पुन्हा पायाचा ब्रेक दाबून घेतला आणि त्यानंतरच केबलचा नट, दोन्ही लीव्हर थांब्यावरून सुटण्याच्या बेतात येईपर्यंत आवळला. हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरतात आणि तोच उतार आता गाडी निमूट धरून ठेवते.