वळवाचे ढग आणि चक्रीवादळाची चाहूल : ठाण्यातून कसे पाहावे?

एप्रिलच्या अखेरीस ठाण्यात दुपारी चारनंतर पूर्वेकडे, मुरबाड-बदलापूरच्या बाजूला, ढगांचे मनोरे उभे राहू लागतात. दिवसभर तापलेली जमीन आणि खाऱ्या वाऱ्यांनी आत आणलेले बाष्प यांची सह्याद्रीच्या पायथ्याशी गाठ पडली की वळीव येतो, तास-दोन तास गडगडतो आणि रात्रीपर्यंत विरतो. त्याचा जोर कमी समजू नये, कारण १३ मे २०२४ रोजी धुळीचे लोट उठवत आलेला आणि घाटकोपरचे होर्डिंग पाडणारा वारा अशाच गडगडाटी पावसाचा होता. पण ते चक्रीवादळ नव्हते. चक्रीवादळाची चाहूल घ्यायची असेल, तर खिडकीतल्या ढगाकडे नव्हे, तर आग्नेय अरबी समुद्राकडे, लक्षद्वीपच्या परिसराकडे पाहावे लागते, आणि त्यासाठी उपग्रहचित्राला पर्याय नाही.

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट या भारतीय उपग्रहांची चित्रे साधारण दर अर्ध्या तासाने मिळतात. त्यांतील अवरक्त चित्र (ढगांची उष्णता टिपणारे, अंधारातही मिळणारे) रोज सकाळी सहाच्या सुमारास पाहावे, कारण जमिनीवरचे वळवाचे ढग तोपर्यंत विरलेले असतात आणि समुद्रावर जे उरते ते समुद्राच्याच उष्णतेवर पोसलेले असते. मात्र समुद्रावरचे ढगही पहाटे जोर धरतात, त्यामुळे एका सकाळच्या चित्रावरून काहीच ठरवू नये. तोच पुंजका दुपारी टिकला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही त्याच भागात दिसला, तरच दृश्य चित्र (सूर्यप्रकाशात टिपलेले) उघडून खालचे ढग एका बिंदूभोवती, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, वळताना दिसतात का ते तपासावे. खालच्या ढगांचे वळण उघडे पडलेले आणि उंच ढग एका बाजूला सरकलेले दिसले, तर वरचे वारे ती प्रणाली मोडत आहेत असे समजावे. चक्रीवादळाला समुद्राचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त लागते आणि मे महिन्यात अरबी समुद्रात ते सहज असते. म्हणून मी तापमानाच्या नकाशापेक्षा या सरकलेल्या ढगांना अधिक महत्त्व देतो. ऐन पावसाळ्यात वरचे आणि खालचे वारे परस्परविरुद्ध दिशांनी जोरात वाहतात, म्हणूनच तेव्हा येथे चक्रीवादळे क्वचित होतात.

घरातून पाहण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे हवेचा दाब. अनेक मोबाइलमध्ये दाबमापक असतो, पण त्याचा आकडा वाचताना बहुतेकांची फसगत होते. दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास उतरतो. त्यामुळे सकाळी १००८ आणि दुपारी १००४ हेक्टोपास्कल दिसले, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शिवाय दर साडेआठ मीटर उंचीमागे दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने घटतो, म्हणजे घोडबंदरच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावरचा आकडा तळमजल्यापेक्षा चारेकने कमीच असणार. एकच मजला आणि एकच वेळ ठरवून नोंद ठेवावी. कालच्या याच वेळेपेक्षा तीन-चार हेक्टोपास्कलची घट झाली, तर मात्र नकाशा उघडावा.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास उत्तर गोलार्धात कमी दाब साधारण डाव्या हाताला असतो. मे महिन्यात दुपारी पश्चिमेकडून येणारा खारा वारा सलग दोन दिवस आलाच नाही आणि पूर्व-आग्नेयेचा वारा टिकून राहिला, तर समुद्रात काहीतरी जमते आहे असा संशय घ्यावा. हे मोकळ्या खाडीकाठी पाहावे, कारण इमारतींमधला वारा दिशा बदलून येतो.

संशय बळावला, की हवामान विभागाची पत्रके वाचावीत. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरला पोहोचला की डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची, कमी दाबाची पायरी) आणि ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ; नाव तेव्हाच मिळते. नावाची वाट पाहत बसणे परवडत नाही : २०२० साली निसर्ग १ जूनला डिप्रेशन होते, २ जूनला चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागजवळ धडकले. नकाशातली मार्गाची रेषा किनाऱ्यापासून दूर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईच्या बाहेरून गुजरातकडे गेले, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. गॅलरीतल्या कुंड्या रेषा पाहून नव्हे, तर आपल्या जिल्ह्यासाठीचा इशारा वाचून आत घ्याव्यात.