घरच्या घरी पुरुषांसाठी युकाता कसा शिवायचा

किमोनो म्हटलं की लोक घाबरतात, पण खरं सांगू का, शर्टापेक्षा सोप्पा आहे, कारण सगळे सरळ पट्टेच, मुंढ्याचा गोलवा नाही की डार्ट नाही. पहिल्यांदा शिवताय तर युकाता घ्या, म्हणजे जपानी लोक उन्हाळ्यात घालतात तो बिनअस्तराचा सुती किमोनो.

जपानात यासाठी ३६-३८ सेमी पन्ह्याचा लांब तागा मिळतो, आपल्याकडे ११० सेमी पन्ह्याचं सुती घ्या, सव्वाचार मीटर, आणि आधी धुऊन घ्या नाहीतर नंतर आटेल. मापं सांगतोय ती १७० सेमी उंचीच्या मध्यम बांध्याच्या माणसाची. तयार लांबी साधारण १४० सेमी, घोट्यापर्यंत. बायकांच्या किमोनोत जास्तीची लांबी कमरेत दुमडून घेतात, पुरुषांच्यात तसं नसतं त्यामुळे लांबी आधीच बरोबर हवी.

बेतताना अंगाचे दोन पट्टे ३६ × ३०० (पुढचं मागचं अखंड, खांद्यावर शिवण नाही), बाह्या दोन ३६ × १०५, ओकुमी म्हणजे पुढे एकावर एक येणारी जादा पट्टी, त्या दोन १८ × १३०, आणि कॉलर १५ × २००. पोट किंवा सीट मोठी असेल तर अंगाचे पट्टे ४० चे करा आणि कापड अर्धा मीटर जास्त घ्या.

पाठीची मधली शिवण आधी मारा. मग खांद्याच्या घडीवर त्या शिवणीपासून दोन्हीकडे ९-९ सेमी आडवा काप द्या, बस, गळा झाला. गोल कापू नका!! बाजूच्या शिवणी खांद्यापासून ४० सेमी सोडून थेट खालपर्यंत, पाठ ३० आणि पुढा २४-२५ सेमी राहील अशा. कुर्ते शिवायची सवय असेल तर बाजूला कट ठेवायला हात शिवशिवतील, ठेवायचा नाही.

आता ओकुमी पुढच्या कडेला जोडा, खालची दुमड घाला आणि मग कॉलर. खरी मेख इथेच आहे. गळ्याच्या कापाच्या टोकापासून ओकुमीच्या बाहेरच्या कडेवर, खालून ७२ सेमीवर खूण करून तिथपर्यंत खडूने तिरकी सरळ रेघ ओढा, त्या रेघेवर कॉलर मानेच्या मध्यापासून दोन्हीकडे टाचण्या लावत खाली न्या, कापड ताणू नका कारण तिरक्यात ते लगेच वाढतं. आतला जादा कोपरा कापायचा नाही, कॉलरच्या आतच दुमडायचा, तयार रुंदी साडेपाच सेमी. आतली बाजू हातशिलाईनेच करा, मशीनची टीप छातीवर वाईट दिसते.

बाह्या शेवटी. दुमडून उंची ४९ सेमी येते, मनगटाला २६ सेमी उघडं ठेवून बाकी बंद. अंगाला ४० सेमी जोडा आणि उरलेलं खालचं टोकही शिवून टाका, बायकांची बाही तिथे उघडी असते आणि काखेतही फट असते, पुरुषांची दोन्हीकडे बंद.

घालताना डावी बाजू वर, उलटं फक्त मृताला नेसवतात. पट्टा म्हणजे ओबी ९-१० सेमी रुंद, चारेक मीटर लांब, आणि तो पोटाच्या खाली बांधायचा, बारीक माणसं तर पोटाला टॉवेल गुंडाळतात म्हणजे नीट बसतो, त्यामुळे ढेरीवाल्यांचा इथे फायदाच आहे 😄