थंड इंजिन, तापलेलं ऑइल: कमी पैशात जुनं मशीन घेताना

जुनं पोकलेन किंवा माती खणायचं दुसरं मशीन बघायला जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून एकच गोष्ट सांगा: "मी येईपर्यंत चावी फिरवू नका." पोहोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, पण त्या दिवशी किमतीचं बोलू नका. गरम इंजिन कुठलंही चालू होतं. रात्रभर उभं असलेलं इंजिन किती सेल्फ मारल्यावर उठतं, उठताना कसला धूर टाकतं, किती वेळ अडखळतं, यावरून त्याचं वय कळतं.

मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मशीनवर ऑपरेटर होतो, मग स्वतःचं पोकलेन घेतलं. एवढी वर्षं लिव्हर धरलेले हात असूनही पहिल्याच खरेदीत चुकलो. इंजिन मी थंडच बघितलं होतं. पहिल्या सेल्फला उठलं, धूर नाही, आवाज गोड. पंधरा मिनिटं बूम (मशीनचा मोठा हात) वर-खाली करून बघितली, दोन बकेट माती उचलली आणि त्याच संध्याकाळी इसार दिला. साइटवर आणल्यावर पहिले दोन तास मशीन पळत होतं. मग हायड्रॉलिक ऑइल (ज्याच्या दाबावर बूम आणि बकेट हलतात ते) तापलं आणि बूम जड झाली. दुपारपर्यंत, भरलेली बकेट उचलताना इंजिन दबायचं नाही, फक्त बूम सावकाश चढायची. ऑइलला दाब देणारा पंप आतून झिजलेला होता. ऑइल थंड आणि घट्ट असताना ती झीज लपते. ऑइल पातळ झालं की दाब आतल्या आतच गळून जातो. पंप बांधायला मशीनच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश पैसे गेले आणि कामाचा सगळा हंगाम हातचा गेला. त्या काळात हप्ता थांबत नाही, हे ज्याने भरलाय त्यालाच माहीत.

म्हणून मी कुणालाही हेच सांगतो: इंजिन थंड बघायचं आणि हायड्रॉलिक गरम बघायचं. दोन्ही एकाच दिवशी होतं, पण त्याला अर्धा दिवस लागतो. विकणारा अर्धा दिवस द्यायला तयार नसेल तर ते मशीन तुमचं नाही.

सोबत टॉर्च, पांढरं फडकं, छोटं लोहचुंबक, मोजपट्टी आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा न्या. पुठ्ठा कशाला, ते आधी सांगतो, कारण ते जिवाशी आहे. मशीन चालू असताना पाइपातून बारीक गळती वाटली तर हाताने चाचपायचं नाही. त्या दाबाचं ऑइल सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेरून टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. पाइपाजवळ पुठ्ठा धरायचा, त्यावर डाग उठतो. आणि उचललेल्या बूमखाली, टेकू न देता, क्षणभरही उभं राहायचं नाही. विकणारा स्वतः उभा राहिला तरी तुम्ही राहू नका.

आता इंजिन. चालू करायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडा (थंड आहे म्हणूनच उघडायचं). पाण्यावर तेलाचा तवंग नको. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसा. ऑइल काळं असेल तर चालतं, दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि तिथून भसाभसा धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे (जळलेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय), म्हणजे इंजिन बांधायचे दिवस जवळ आले. धुराचंही तसंच: निळा म्हणजे ऑइल जळतंय, भार टाकल्यावरचा दाट काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा धूर थंडीत क्षणभर येतोच, पण इंजिन तापल्यावरही राहिला तर विचार करा.

मग मशीन कामाला लावा. नुसतं हवेत हलवू नका, खणायला लावा. तास-दीड तास. तेवढ्या वेळात तुम्ही पिन-बुश (सांध्यातली खीळ आणि तिच्याभोवतीची नळी) बघा: बकेट जमिनीला टेकवून ऑपरेटरला बूम किंचित उचलायला सांगा, आणि दूर उभं राहून पिनपाशी टॉर्च मारा. बूम हलते पण बकेट हलत नाही, मधला तो खेळ डोळ्यांना दिसतो. पिन-बुश झिजलेले असले तर मी घाबरत नाही, तो खर्च पेलतो. मात्र बुश बसतो ते भोकच लंबगोल झालं असेल तर वेल्डिंग आणि बोरिंगचं काम निघतं.

ऑइल तापलं की बूम आणि आर्म (बूमच्या पुढचा छोटा हात) पुढे पसरून बकेट जमिनीपासून मीटरभर वर ठेवा, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं गप्प बसा. बकेट बोटभर उतरली तर जुन्या मशीनला माफ आहे. डोळ्यांदेखत खाली येत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. सिलिंडरच्या रॉडवरून नख फिरवा. चरा नखाला अडकला तर नवीन सीलही टिकणार नाही.

ट्रॅकवालं मशीन असेल तर सगळ्यात जास्त वेळ खाली घालवा. अशा मशीनच्या दुरुस्तीच्या खर्चातला निम्म्यापर्यंत वाटा अंडरकॅरेज (ट्रॅक, चेन, रोलर असा सगळा खालचा भाग) खाऊ शकतं, आणि नेमकं तेच चिखलाने झाकलेलं असतं. स्वतः खरवडा. स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात टोकदार झालेत का, रोलर गळतायत का, चेन ताणायचा सिलिंडर शेवटपर्यंत बाहेर आलाय का. दोन्ही बाजूंच्या चेनच्या कड्या मोजा. झिजून लांबलेली चेन आवळायला काहीजण एक कडी काढून टाकतात. मग बूमच्या जोरावर एक बाजू उचलून ट्रॅक हवेत फिरवा, तीन फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. दुसऱ्या बाजूला तसंच करा. फरक मोठा असेल तर एका बाजूची ट्रॅव्हल मोटर (ट्रॅक फिरवणारी) थकलेली आहे. चाकाचं मशीन असेल तर प्रत्येक गिअरमध्ये, भारासकट, चढावर चालवा.

अवर मीटरवर (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या) फार भरवसा ठेवू नका. रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस काम म्हणजे वर्षाला 2,000 तास होतात. दहा वर्षांचं मशीन 4,000 दाखवत असेल तर ते कुठे उभं होतं ते विचारा. पेडलचं रबर, लिव्हरच्या मुठी, सीटची कड यांना खोटं बोलता येत नाही. नवाकोरा रंग बघून मी उलट सावध होतो: ग्रीसच्या निप्पलवर आणि पाइपांवर रंग चढलाय का, बूमच्या बुडाशी रंगाखाली वेल्डिंगची शिवण उठून दिसते का. धुळीने माखलेलं मशीन बरं, धुळीत गळतीची ओली रेघ लगेच दिसते.

पैशाचं माझं गणित असं: हातात शंभर असतील तर मशीनला सत्तर. उरलेले तीस ट्रेलर, ऑइल, फिल्टर, पाइप, पिन-बुश आणि काम न मिळालेले पहिले काही आठवडे यांच्यासाठी. हे तीस सौद्यात ओढू देऊ नका. पंप, इंजिन, अंडरकॅरेज, ट्रान्समिशन आणि वरचा भाग ज्यावर फिरतो ती स्लू बेअरिंग, ही पाच धड असतील तर फाटकी सीट, फुटकी काच, मेलेली बॅटरी, बकेटचे झिजलेले दात सगळं घ्या, आणि त्याच गोष्टी दाखवून भाव पाडा. दुर्मीळ कंपनीचं मशीन स्वस्तात मिळतं, पण सौद्याच्या आधी तुमच्या मेकॅनिकला एका सील किटसाठी किती दिवस थांबावं लागेल ते विचारा.

प्लेटवरचा सिरियल नंबर, चासीवर ठोकलेला नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही जुळल्याशिवाय इसार नको. मशीनवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा कागद आधी, पैसे नंतर.

मशीन आणल्यावर पहिल्या आठवड्यात सगळी ऑइल आणि फिल्टर बदला. जुना हायड्रॉलिक फिल्टर फेकू नका. कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. त्यावर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा चुरा. न चिकटता पिवळा चमकतो तो बहुधा पंपातल्या पितळेचा. चिमटीभर दिसला तर पन्नास तासांनी फिल्टर पुन्हा बदलून पुन्हा कापा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.