पावसाळा सोसणाऱ्या घरात चित्र कसं लावावं

सोफा आला, पडदे लागले, मग समोरची भिंत बोडकी दिसते म्हणून गादीच्या रंगाला जुळेल असं एखादं चित्र आणलं जातं. हा क्रम उलटा आहे. चित्र ही घरातली बहुधा एकमेव वस्तू असते जी कुणीतरी हाताने, मन ओतून केलेली असते. वारलीचं कापड असो, आजीच्या पैठणीचा पदर असो किंवा देवघरावरची जुनी छापील लक्ष्मी असो, तिची जागा आधी ठरवावी आणि सोफा तिच्याप्रमाणे सरकवावा. आपल्याकडे ही जागा ठरवताना शोभेच्याही आधी एक प्रश्न येतो: या भिंतीला ओल येते का?

भिंत आधी तपासा

मुंबई-कोकणात पावसाची झड नैऋत्येकडून येते, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. दुसरा नंबर बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा. कागद, कापड आणि जुने फोटो या भिंतींवर लावूच नका. तिथे पितळी समई किंवा सिरॅमिकची ताटली शोभते. कागदाला आतली, दोन खोल्यांमधली भिंत द्या.

शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर दोष खोलीतल्या हवेचा आहे आणि तो पंख्याने, खिडकीने आटोक्यात येतो. ही चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच करा. मार्चमध्ये प्रत्येक भिंत कोरडी असते. गिलावा नवा असेल तर एक पावसाळा जाऊ द्या, मगच कागदी चित्र लावा.

उंची: बसून की उभ्याने?

आपल्या घरांत चित्रं फार उंच लागतात. याचं मूळ वाड्यात आहे. तिथे पूर्वजांचे फोटो आणि देवांच्या तसबिरी तुळईजवळ लावत, पण दोरीने वरचा भाग पुढे झुकवून. खाली बैठकीवर बसलेल्या माणसाला ती तसबीर नीट दिसे, काचेवर उजेड चमकत नसे आणि मागे हवा खेळती राही. आता उंची तेवढी उरली आणि झुकाव गेला. मग चित्र छताला चिकटल्यासारखं दिसतं आणि मान दुखते.

चित्र कुठल्या स्थितीत बघितलं जाणार, हे आधी ठरवा. जिथून उभ्याने जातो, म्हणजे पॅसेजमध्ये किंवा जिन्याजवळ, तिथे चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर ठेवा. कलादालनांतही साधारण हीच उंची धरतात. दिवाणखान्यात बहुतेक वेळ बसणं असतं, तिथे 50 ते 54 इंच पुरतात. भारतीय बैठक असेल तर आणखी खाली, 40-42 इंचांपर्यंत या. गादीवर बसलेल्याची नजर 30-32 इंचांवर असते, त्यामुळे ही उंची विचित्र वाटत नाही. सोफ्यावर लावताना फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून 6 ते 8 इंच वर ठेवा आणि रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश धरा. साडेसहा फुटी सोफ्यावर सव्वाचार फूट रुंदीचं एक चित्र किंवा तेवढ्याच रुंदीचा समूह बसतो. समूहातल्या दोन फ्रेममध्ये 2 इंच जागा पुरे. जागा जास्त सोडली की चित्रं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

खिळ्याची उंची अंदाजाने काढू नका. हिशेब असा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. फ्रेम 24 इंच उंच आहे, तार ताणल्यावर कडेपासून 3 इंच खाली येते आणि मध्य 54 वर हवा आहे, तर 54 + 12 − 3 म्हणजे 63 इंचांवर भोक. तार हाताने ताणून मगच मोजा. सैल तारेचं माप घेतलं की चित्र दीड-दोन इंच खाली बसतं. समूह लावायचा असेल तर प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या. येता-जाता नजर पडली की चूक आपोआप कळते.

भोक पाडताना

वजन आधी समजून घ्या. 2 फूट × 3 फूट फ्रेमची 4 मिमी काच एकटीच साडेपाच किलोंच्या आसपास भरते. त्यात लाकूड आणि पाठीचा बोर्ड धरला तर एका खिळ्यावर भरवसा ठेवू नये. दोन हुक लावा, मधलं अंतर फ्रेमच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. पाणसळ धरून दोन्ही खुणा एका रेषेत घ्या. दोन हुकांवर बसलेली फ्रेम दार आपटलं तरी वाकडी होत नाही.

विटेच्या भिंतीला 6 मिमीचं बीट आणि त्याच मापाचा प्लग, म्हणजे भोकात स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी, चालतो. पण गिलाव्याची जाडी, 12 ते 15 मिमी, सोडून प्लग विटेत गेला पाहिजे, म्हणून भोक 50 मिमी खोल घ्या. प्लग नुसत्या गिलाव्यात बसला तर काही महिन्यांनी पोपड्यासकट बाहेर येतो. नव्या टॉवरमधल्या भिंती अनेकदा सबंध काँक्रीटच्या असतात. तिथे साधं ड्रिल फक्त गरम होतं, हॅमर ड्रिल लागतं. बीट मध्येच अडलं तर सळई लागली असं समजा आणि इंचभर बाजूला सरका. जोर लावू नका. हलक्या राखाडी-पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत उलट करायचं: हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग फिरत राहतो, आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारा खास प्लगच वापरायचा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि दोन बोर्डांच्या मधल्या आडव्या पट्ट्यात भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते.

फ्रेम: खरी निगा इथे होते

फ्रेमवाला चित्र घेतो, मागे पुठ्ठा, वर काच आणि चारही कडांना गोंद किंवा टेप, असं करून तासाभरात परत देतो. या एका तासात चित्राचं आयुष्य ठरतं. त्याला तीन गोष्टी लिहून द्या.

पहिली, काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये 2 इंच रुंदीचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची कड, हवा किंवा कडेला बारीक पट्टी. दुसरी, माउंट आणि पाठीचा बोर्ड दोन्ही आम्लविरहित हवेत. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत चित्राच्या कडा चहा सांडल्यासारख्या तपकिरी होतात. तिसरी, चित्र फक्त वरच्या दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगलेलं असावं. पावसाळ्यात कागद फुगतो, हिवाळ्यात आकसतो. चारही बाजू चिकटवल्या की त्याला हलायला जागा राहत नाही आणि मधोमध लाटा उठतात. सेलोटेप कधीच नको, तिचा डाग निघत नाही.

वारली चित्राला वेगळी वागणूक लागते. मुळात ही कला शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने केलेली. लग्न निघालं की सुवासिनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहीत, लग्न झाल्यावर ते चित्र भिंतीसोबत जुनं होत पुसट होई. 1970च्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली. म्हणजे जी गोष्ट टिकण्यासाठी नव्हतीच, ती आता आपण पन्नास वर्षं टिकवायला बघतो. पांढरा रंग कापडाच्या फक्त पृष्ठभागावर असतो. घडी घातली की घडीवर तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून घडी नको. गुंडाळायचं तर किमान 4 इंच व्यासाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून. इस्त्री नको, ओला फडका तर अजिबात नको. आणि काचेऐवजी ॲक्रिलिक घेऊ नका. ते हलकं असतं हे खरं, पण पुसताना त्यात स्थिर वीज तयार होते आणि सुटत आलेले रंगाचे कण त्याला जाऊन चिकटतात. मागची भिंत चुन्याच्या पांढऱ्याकडे झुकणारी ठेवा. गेरूवर गेरू लावला की चित्र भिंतीत विरघळतं. आणि चौकात देवी पालघाट असेल तर ते चित्र चपलांच्या कपाटावर नको. ज्यांची ती देवता आहे त्यांच्यासाठी ते नुसतं नक्षीकाम नाही.

पैठणी फ्रेम करायची तर आधी कात्री खाली ठेवा. पदर कापला की ती साडी संपली. पूर्ण साडी नीट असेल तर पदर दिसेल असा भाग बोर्डवर घ्या आणि उरलेली साडी बोर्डच्या मागे सैल गुंडाळीत ठेवा. त्यासाठी 3 इंच खोलीची पेटीसारखी फ्रेम करून घ्यावी लागते. बोर्डवर धुतलेलं, खळ काढलेलं पांढरं सुती कापड ताणून बसवा आणि बारीक सुईने, रेशमी धाग्याने, दर दोन इंचांवर सैल टाका घालत पैठणी त्यावर शिवा. फेव्हिकॉल आणि स्टेपल दोन्ही वर्ज्य. गोंद रेशमात मुरून कडक होतो, स्टेपल गंजतं. जुन्या चांदीच्या जरीला गंधकाचं वावडं आहे, ती काळी पडते. म्हणून फ्रेममध्ये रबराच्या पट्ट्या किंवा लोकरीचं फेल्ट येऊ देऊ नका. सलग वर्षानुवर्षं लावून ठेवण्यापेक्षा चार महिने भिंतीवर आणि बाकीचा काळ अंधारात, सुती कापडात, हे तिला मानवतं.

जुन्या घरांत रवि वर्म्यांच्या छापखान्याची चित्रं अजून सापडतात. तो छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जुनी प्रत की नंतरची छपाई, हे भिंगाखाली कळतं. देवीच्या गालावर भिंग धरा. ठिपके एकसारख्या ओळींत, जाळीसारखे दिसले तर ती नंतरची ऑफसेट छपाई. दाणे वेडेवाकडे, लहान-मोठे आणि एका रंगावर दुसरा असे दिसले तर दगडावरून छापलेली जुनी प्रत असण्याची शक्यता मोठी. काही प्रतींवर खरी जर आणि कापड चिकटवून साडी-दागिने सजवलेले असतात, ते काढू नका, साफ करायलाही जाऊ नका. जुनी सागवानी चौकट ठेवा. मागची फळी मात्र काढा, कारण कागदावर लाकडाच्या शिरांचे जे तपकिरी पट्टे उमटतात ते तिच्यामुळे.

घरच्या माणसांचे जुने फोटो पावसाळ्यात काचेला चिकटतात, कारण त्यावरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ होतो. चिकटलेला फोटो ओढू नका, चेहराच सोलून निघतो. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि मूळ तसाच राहू द्या. ताज्या फुलांचा हार फ्रेमला टेकवून घालू नका. त्याचं पाणी वरच्या फटीतून आत झिरपतं. भिंतीवर, फ्रेमच्या दोन इंच वर, हारासाठी वेगळा हुक लावा. चंदनाचा हार थेट घातला तरी चालतो.

उजेड

थेट ऊन कशावरही नको. सकाळचं कोवळं ऊनही रेशमाचा रंग उडवतं. दिवा लावताना एलईडीचा रंग 3000 केल्विन आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर बघून घ्या. सीआरआय कमी असेल तर गेरू मातकट आणि कुंकवाचा लाल रंग विटकरी दिसतो. दिव्याचा कोन भिंतीशी 30 अंशांचा ठेवा. छतापासून चित्राच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, त्याला 0.58 ने गुणा, आलेला आकडा म्हणजे भिंतीपासून दिव्याचं अंतर. छत साडेआठ फुटांवर आणि मध्य 57 इंचांवर असेल तर 26 इंच. फॉल्स सीलिंग करणारा कारागीर सवयीने फूटभर अंतरावर भोक पाडतो आणि मग फ्रेमची सावली चित्राच्या वरच्या भागावर पडते. हे माप पीओपी सुरू होण्याआधी त्याच्या हातात द्या.

जून ते सप्टेंबर

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना 6 मिमी जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा. एवढ्या फटीतून हवा फिरते. महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून पाठ बघा. करड्या रंगाचे चपटे, चंदेरी किडे दिसले तर ती कसर, ती खळ आणि कागद खाते. पाठीचा टेप सुटलेला असेल तर लगेच बदला. पांढुरकी बुरशी दिसली तर तिथेच फुंकू किंवा पुसू नका, बीजं खोलीभर पसरतात. फ्रेम गॅलरीत न्या, उघडा, सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्या आणि मग मऊ ब्रशने, नाकाला मास्क लावून झाडा. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्या. काचेवर फवारला की तो खालच्या खाचेत उतरतो आणि माउंट तळापासून भिजायला लागतो.